कॅनेलो खरंच उतरणीला लागलाय का?

वाटसरू

१३ सप्टेंबर २०२५ ला लास व्हेगसमध्ये मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो अल्वारेझ हरला आणि टेरेन्स क्रॉफर्डचा हात वर झाला, तेव्हापासून जिथे बघावं तिथे एकच सूर आहे: कॅनेलो संपला. सत्तर हजारांवर माणसांसमोर सुपर मिडलवेटचे (१६८ पौंडांच्या वजनगटाचे) विजेतेपदाचे चारही पट्टे एका रात्रीत गेले, त्यामुळे लोकांना तसं वाटणं साहजिक आहे. मला मात्र ते पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडतो, चुकत असेन तर सांगा.

कॅनेलो आजवर ६८ लढती खेळलाय आणि त्यातल्या तीन हरलाय. २०१३ ला मेवेदरकडून, २०२२ ला बिवोलकडून आणि आता क्रॉफर्डकडून. मेवेदरशी हरला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. तेव्हा उतरण हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पोरगं शिकतंय असं सगळे म्हणाले. आता त्याला हरवणारे तिघं डोळ्यांसमोर आणा. तिघंही पायांवर खेळणारे, जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाकून जागा सोडणारे. मधे २०१४ मध्ये एरिस्लँडी लारानेही त्याला असंच फिरवून फिरवून दमवलं होतं. ती लढत जजांच्या मतभेदातून कशीबशी त्याच्या पदरात पडली. हलत्या माणसाला कोंडताना त्याची पंचाईत होते हे पंचविशीच्या आधीपासूनचं आहे. विशीतलाच दोष पस्तिशीत पुन्हा दिसला, तर त्याला वय झालं कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट स्कोअरकार्डची. राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९ गुण मिळतात. दोन जजांनी ११५-११३ दिलं, तिसऱ्याने ११६-११२. त्या दोघांच्या कागदावर फक्त एकेक राउंड इकडचा तिकडे झाला असता तर दोन्हीकडे ११४-११४, लढत बरोबरीत आणि पट्टे कॅनेलोच्याच कमरेला. संपलेला माणूस इतक्या जवळ येत नाही.

आणि वयाचंच म्हणाल तर त्या रात्री क्रॉफर्ड अडतिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे कमी होता. मेवेदरही तेव्हा ३६ चा. त्याला हरवणाऱ्या तिघांतले दोघं त्याच्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

तेव्हा ज्यांना उतरण दिसते त्यांनी ती नेमकी कुठे दिसते ते दाखवावं.

आकडेमोड

दाखवतो. लढतीतले पंच मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीचे आकडे बघा, मारलेले, लागलेले नव्हे. २०१८ मध्ये गोलोव्हकिनशी दुसऱ्या लढतीत कॅनेलोने १२ राउंडमध्ये ६२२ पंच मारले. २०२२ ला बिवोलविरुद्ध ४९५. क्रॉफर्डविरुद्ध ३३८. म्हणजे राउंडला साधारण ५२, मग ४१, मग २८. सात वर्षांत हात जवळजवळ निम्म्यावर आलाय. त्याच रात्री क्रॉफर्डने ५३६ मारले, वय ३७ असताना.

मे २०२५ मध्ये रियाधला विल्यम स्कलशी झालेली लढत तर विसरूच नका. स्कल रिंगभर पळत होता हे मान्य, पण कॅनेलोने १२ राउंडमध्ये १५२ पंच मारले. राउंडला तेरासुद्धा नाहीत. दोघांचे मिळून ४४५, कॉम्प्युबॉक्सने मोजलेल्या १२ राउंडांच्या लढतींमधला तो नीचांक ठरला.

आणि शेवटचा नॉकआउट? नोव्हेंबर २०२१, केलेब प्लांट. त्यानंतर आठ लढती झाल्या आणि आठही शेवटच्या घंटेपर्यंत गेल्या. ९६ राउंड झाले, समोरचा एकदाही थांबला नाही. ज्याच्या ६३ विजयांपैकी ३९ नॉकआउटने आहेत, त्याच्याबद्दल बोलतोय आपण.

वाटसरू

आकडे खरे आहेत, पण तुम्ही मधलाच एक वगळलात. नोव्हेंबर २०१९, सर्गेई कोव्हालेव्ह. कॅनेलो २९ वर्षांचा, ऐन भरात, दोन वजनगट वर चढून लाइट हेवीवेटमध्ये गेलेला. अकराव्या राउंडपर्यंत त्याने ३४५ पंच मारले होते. राउंडला ३२ च्या आसपास, म्हणजे क्रॉफर्डच्या रात्रीपेक्षा जेमतेम चार जास्त. समोरून कोव्हालेव्हने ७४५ मारले, दुपटीहून जास्त. आणि अकराव्यात नॉकआउट कुणी केला? कॅनेलोने.

कमी पंच मारणं ही त्याची जुनी सवय आहे. तो वाट बघतो, हात चेहऱ्यापुढे धरून चालत येतो, समोरच्याला मारू देतो आणि मग एक टिपून मारतो. २०१९ मध्ये याला आपण शहाणपण म्हणत होतो.

साउथपॉ

वाटसरूंशी बऱ्याच अंशी सहमत. मी स्वतः डावखुरा उभा राहतो म्हणून एक भर घालतो, कारण नुसत्या आकड्यांत ती दिसत नाही.

उजव्या हाताने खेळणाऱ्यासमोर डावखुरा आला की दोघांचे पुढचे पाय एकाच जागेसाठी भांडतात आणि दोघांचे पुढचे हात एकमेकांना आडवे येतात. जॅबला जॅब अडतो. ज्याला सवय नाही त्याचा हात आपोआप कमी चालतो, कारण पहिला पंचच सुटत नाही. क्रॉफर्ड त्या रात्री बहुतेक वेळ डावखुरा उभा होता. तेव्हा २०१८ चे ६२२ आणि २०२५ चे ३३८ शेजारी ठेवणं मला तितकंसं न्याय्य वाटत नाही. गोलोव्हकिन सरळ चालून येणारा होता, ८७९ पंच मारले त्याने त्या रात्री. समोरचा इतका अंगावर येतो तेव्हा तुम्हीही मारता.

आणि एका लढतीवरून कुणाला मोडीत काढण्याआधी क्लिच्को आठवा. नोव्हेंबर २०१५, ड्युसेलडॉर्फ, टायसन फ्युरीसमोर व्लादिमीर क्लिच्कोने १२ राउंडमध्ये २३१ पंच मारले, लागले फक्त ५२. हात गोठल्यासारखे. वय ३९. सगळ्या जगाने त्याला घरी पाठवलं. त्यानंतर तो थेट एप्रिल २०१७ मध्ये वेम्बलीला ९० हजार लोकांपुढे अँथनी जोशुआसमोर उतरला, ४१ वर्षांचा. सहाव्या राउंडमध्ये त्याने जोशुआला खाली पाडलं. अकराव्यात हरला, पण ती गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत देखणी हेवीवेट लढत होती. मग ड्युसेलडॉर्फला दिसली ती उतरण होती की फ्युरी? माझ्या मते फ्युरी. समोरच्या माणसाचं कोडं सुटत नव्हतं, म्हणून हात सुटत नव्हते.

कोपऱ्यातला

मी पॅड धरतो, म्हणजे सरावात बॉक्सरचे पंच हातातल्या गादीवर झेलतो, बरीच वर्षं झाली. लढणाऱ्यांइतकं मला कळत नसेल, पण पॅड धरणाऱ्याला एक गोष्ट इतर कुणाच्याही आधी कळते, ती लिहितो.

आमच्याकडे पस्तिशी ओलांडलेले एक जण यायचे. पूर्वीचे चांगले लढवय्ये. त्यांना एक पंच मागितला की पॅडचा आवाज तोच, भरीव, आणि माझा तळहात तसाच झिणझिणायचा. बघणारा म्हणेल, अजून काय जोर आहे! मग मी जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच), हुक (बाजूने वळवून मारलेला) मागायचो. पहिले दोन यायचे. तिसऱ्यासाठी माझा पॅड जागेवर जाऊन थांबलेला असायचा आणि हुक एक श्वास उशिरा पोचायचा. चुकायचा नाही, हलकाही नसायचा, फक्त उशिरा. तो एक श्वास बाहेरून कुणाला दिसत नाही. मला कळायचा, कारण माझा हात हवेत रिकामा थांबलेला असायचा.

ते पुढे वर्षभर यायचे. त्यांचा जोर तसाच होता. तो श्वास मात्र महिन्यामहिन्याने लांबत गेला.

यामागचं कारण पायांत आहे. क्रॉस मारला की मागची टाच फिरते, कंबर फिरते आणि वजन पुढच्या पायावर येतं. हुक मारायचा तर त्याच पुढच्या गुडघ्यावर वजन धरून कंबर उलट फिरवावी लागते. तरुणपणी हे एकाच हालचालीत होतं. नंतर नंतर बॉक्सर आधी तोल सावरतो आणि मग मारतो. तेवढ्या वेळात समोरचा चांगला असेल तर तिथे नसतो.

आता कॅनेलोच्या प्लांटनंतरच्या लढती या नजरेने बघा. रायडरला पाचव्या राउंडमध्ये पाडलं. चार्लोला सातव्यात. मुंगियाला चौथ्यात उजव्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या पंचाने. बर्लांगाला तिसऱ्यात डाव्या हुकने. चार माणसं खाली गेली, म्हणजे एकट्या पंचाचा जोर कुठेही गेलेला नाही. पण चौघंही उठले आणि बारावा राउंड खेळून घरी गेले. प्लांटच्या वेळी काय झालं होतं? हुक बसला आणि तो सावरायच्या आत मागोमाग अपरकट आले. कोव्हालेव्हच्या वेळी डावा हुक आणि त्याला चिकटून सरळ उजवा. दुसरा पंच पहिल्याच्या पोटातून यायचा.

मला उतरण दिसते ती इथे. पंच किती मारले हे मी मोजत नाही, पंचामागून काय येतं ते बघतो.

तिसरी घंटा

कोपऱ्यातला यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुंदर लिहिलंय. तरी मला एक शंका आहे.

हा माणूस पाच फूट आठ इंचांच्या आसपासचा. १५४ पौंडांवर मोठा झाला, तिथेच पहिलं विश्वविजेतेपद मिळवलं. आज तो १६८ वर लढतो. मुंगिया, बर्लांगा, बिवोल सगळे सहा फुटी किंवा त्याहून उंच. मोठ्या हाडाच्या माणसाला खाली पाडता येतं, पण झोपवणं अवघड, कारण तो मार पचवतो. मग नॉकआउट थांबले ते वयामुळे की वजनगटामुळे?

दुखापतींचंही धरा. २०१८ ला उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया. २०२२ ला गोलोव्हकिनशी तिसऱ्या लढतीनंतर डाव्या मनगटावर. क्रॉफर्डनंतर कोपरावर. डावा हुक हे ज्याचं मुख्य हत्यार आहे त्याचं डावं मनगट शाबूत नसेल तर मागोमाग मारायला मन धजत नाही. याला मी दुखापत म्हणेन, उतरण नाही म्हणणार.

आकडेमोड

वजनगटाचा मुद्दा मला अर्धाच पटतो. १६८ वर पूर्ण मुक्काम केल्यावर २०२१ या एका वर्षात त्याने यिल्दिरिम, सॉन्डर्स आणि प्लांट या तिघांना वेळेआधी थांबवलं. सॉन्डर्सच्या डोळ्याखालचं हाड मोडलं, आठव्या राउंडनंतर तो स्टुलावरून उठला नाही. गट तोच, माणसंही तशीच उंच. २०२१ मध्ये जमत होतं आणि २०२२ पासून एकदाही नाही.

चार्लोचंही बघा. सप्टेंबर २०२३ ला तोही क्रॉफर्डसारखाच १५४ वरून थेट १६८ वर आला होता. त्याला कॅनेलोने पाडलं, राउंडामागून राउंड घेतले, पण संपवता आलं नाही. लहान गटातून आलेल्या माणसाला! तिथे मोठ्या हाडाचं कारण चालत नाही.

दुखापत आणि उतरण यांत भिंत घालणंही मला जमत नाही. २५ व्या वर्षी मनगट दुखावतं आणि भरून येतं. ३२ व्या वर्षी भरून येतं, पण तुम्ही ते सांभाळून मारायला लागता.

रात्रीचा प्रवासी

थोडं वेगळं लिहितो. मला या चर्चेत सारखा अली आठवतोय.

२ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर उतरताना अली ३८ चा होता. वजन खूप उतरवलं होतं, पांढरे केस काळे केले होते, आणि फोटोत तो दहा वर्षं तरुण दिसत होता. भल्याभल्यांना वाटलं, परत आला. रिंगमध्ये मात्र अंगात काहीच नव्हतं. दहाव्या राउंडनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. होम्स अलीचा जुना स्पारिंगचा (सरावाच्या लढतींचा) साथीदार होता. त्याला मारताना होम्सलाच जड जात होतं आणि लढतीनंतर तो रडला.

अलीबरोबर घडलेली चूक अशी की सगळे शरीराकडे बघत राहिले. कॅनेलोची तशी अवस्था नाही, त्याच्या जवळपासही नाही. त्याने मार फार कमी खाल्लाय, आजवर एकदाही खाली पडलेला नाही. पण तो पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाला, २००५ मध्ये. वीस वर्षं होऊन गेली. क्रॉफर्ड त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा, पण २००८ ला सुरुवात केली आणि त्या रात्री धरून एकूण ४२ लढती. कॅनेलोच्या ६८. जन्मतारखेने क्रॉफर्ड मोठा असेल, झिजेने कॅनेलो मोठा आहे.

मला त्याची काळजी वाटते, इतकंच सांगायचं होतं.

साउथपॉ

काळजी समजू शकतो. पण झिजेचं गणित प्रत्येकाला सारखं लागू होत नाही. बर्नार्ड हॉपकिन्सने मे २०११ मध्ये माँट्रियलला पास्कलला हरवलं तेव्हा तो ४६ चा होता. सातव्या राउंडआधी पास्कल कोपऱ्यातून येईपर्यंत हा रिंगच्या मध्यावर जोर (पुश-अप्स) मारत होता! हॉपकिन्सने वेग गेल्यावर खेळ बदलला. मिठी मारायची, अंतर खायचं, समोरच्याची लय तोडायची. कॅनेलोकडे डोक्याचा तो बचाव आहे, आजही समोरच्याचा पंच खांद्यावरून निसटू देतो तसं फार थोड्यांना जमतं.

कोपऱ्यातला

हॉपकिन्सचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. त्याने मान्य केलं की हात आता तसा चालत नाही, म्हणून त्याला खेळ बदलता आला. जो मान्य करत नाही त्याचं रॉय जोन्ससारखं होतं. २००३ ला हेवीवेटचा पट्टा जिंकून तो पुन्हा खालच्या वजनगटात उतरला, टार्व्हरविरुद्ध पहिली लढत कशीबशी काढली, आणि मे २००४ मध्ये दुसऱ्याच राउंडमध्ये एका डाव्या पंचाने खाली गेला. जोन्सचं सगळं तंत्र वेगावर उभं होतं. हात खाली ठेवून उभं राहायचं आणि पंच दिसला की हटायचं. हटायला एक क्षण उशीर झाला आणि हात खालीच होते.

कॅनेलोचा पाया त्याहून भक्कम आहे. म्हणून तो कोसळणार नाही, हळूहळू उतरेल. आणि हळूहळू उतरणाऱ्याबद्दलच असे वाद होतात, कारण दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो.

वाटसरू

शनिवार-रविवार बसून दोन लढती पुन्हा पाहिल्या. कोव्हालेव्हची आणि क्रॉफर्डची. कोपऱ्यातला यांनी सांगितलं तसं, पंच न मोजता पंचामागून काय येतं तेच बघत राहिलो.

कोव्हालेव्हच्या लढतीत दहा राउंड फारसं काही घडत नाही, हे मला आठवत होतंच. पण कॅनेलो जेव्हा मारतो तेव्हा बहुतेक वेळा हात परत यायच्या आत दुसरा निघालेला असतो. पोटात एक, लगेच वर एक. शेवटचा क्षण मी मंद गतीने पाहिला. डावा हुक कानशिलाजवळ बसतो, कोव्हालेव्हचे पाय वळतात, आणि कॅनेलोचा उजवा खांदा तेव्हाच पुढे आलेला असतो. हुक लागला की नाही हे बघायला तो थांबलेलाच नाही.

क्रॉफर्डच्या लढतीत सुरुवातीच्या राउंडांत पोटात चांगले पंच बसलेत. जड आहेत. क्रॉफर्डचं अंग आक्रसतं ते दिसतं. आणि मग कॅनेलो बघतो. पंच टाकून तो तिथेच उभा राहतो, क्रॉफर्डला दोन पावलं मिळतात, जॅब येतो, संपलं. उत्तरार्धात तर क्रॉफर्डच तीन-चार पंचांची माळ लावून बाजूला होतो आणि कॅनेलो एकट्या पंचाने उत्तर देतो.

सुरुवातीला मी जे लिहिलं होतं त्यातलं अर्धं आजही म्हणेन. हलत्या माणसांचा त्याला त्रास पहिल्यापासून आहे, आणि क्रॉफर्ड या पिढीतला सर्वोत्तम असावा. पण त्रास असूनही लाराविरुद्ध शेवटी हात सुटत होते. आता नाही सुटत. हे मला मान्य करावं लागेल, आणि मान्य करताना वाईट वाटतंय. गोलोव्हकिनशी पहिली लढत पाहिली तेव्हापासून मी या माणसासाठी जागतोय.

साउथपॉ, डावखुऱ्यासमोर पहिला पंच सुटत नाही हे तुमचं मला पटलं होतं. पण पुन्हा पाहताना लक्षात आलं की पहिला सुटतोय, लागतोयही. दुसरा येत नाहीये.

साउथपॉ

प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. मी अजून पूर्ण तिकडे आलेलो नाही. पुढच्या लढतीत समोर डावखुरा नको, सरळ चालून येणारा हवा. तेव्हाही दुसरा पंच आला नाही, तर मी तुमच्या बाजूला.

तिसरी घंटा

आणि कोपर बरं झालेलं हवं. तेवढी सूट त्याला द्या.

कोपऱ्यातला

सूट दिली. मी एवढंच सांगतो, पुढची लढत कधीही असो, पहिल्या तीन राउंडांत त्याच्या डाव्या गुडघ्याकडे बघा. पोटात डावा मारल्यावर तो गुडघा वाकलेलाच राहिला तर वरचा हुक मागोमाग येणार. मारल्यावर लगेच सरळ झाला, तर त्याला तोल सावरावा लागलाय. जोरदार पंच पडला की टाळ्या वाजतील आणि सगळे वर बघतील, तेव्हाही तुम्ही खालीच बघा.